विषाणूचे सोबती

पुण्यातल्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या ९१६ स्त्रियांचा एक अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केला. करोनाच्या दिवसांत टीव्हीवर दिसायचे, तेच गंगाखेडकर. या स्त्रियांपैकी ५२५ जणी देहविक्रय करणाऱ्या होत्या आणि त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्या एचआयव्हीबाधित निघाल्या. याचं तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही. उरलेल्या ३९१ जणी मात्र त्या व्यवसायातल्या नव्हत्या. बहुतेक जणी लग्न झालेल्या, नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध न आलेल्या. त्यांच्यातही १३.६ टक्के बाधित होत्या.

हा आकडा पुढे १ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या, भाषणांत खूप फिरला. ‘निष्पाप बळी’ हा शब्द त्याच्यासोबत हटकून यायचा. काही जणांना निष्पाप ठरवलं की उरलेले आपोआप पापी ठरतात, हे बोलणाऱ्यांच्या ध्यानात येत नसे, किंवा येतही असेल. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र भाषणांपर्यंत कधी पोचली नाही. या बायकांच्या बाधित असण्याशी ठळकपणे जोडलेली गोष्ट होती ती म्हणजे जोडीदाराला असलेला लैंगिक आजार. गरमी, परमा, जांघेतल्या गाठी, ज्या आजारांना आपण ‘गुप्तरोग’ म्हणून भिंतीआड ढकलतो, त्यांतलं काहीतरी. एचआयव्ही त्या घरात एकटा शिरलेला नव्हता.

एड्सच्या साथीचा हिशेब आपण चाळीस वर्षं चारित्र्याच्या वहीत मांडत आलो. तो इतर संसर्गांच्या वहीत मांडला असता तर पुष्कळ आधी जुळला असता, असं माझं म्हणणं आहे. आणि ही वही आजही आपण नीट उघडलेली नाही.

एचआयव्ही हा खरं तर आळशी विषाणू. युगांडातल्या राकाई जिल्ह्यात एक जोडीदार बाधित आणि दुसरा निरोगी अशा जोडप्यांचा पाठपुरावा करून संशोधकांनी गणित मांडलं. एका संबंधात संसर्ग होण्याची शक्यता हजारात एक, फार तर त्याहून किंचित जास्त. गोवर किंवा कांजिण्यांशी तुलना केली तर हा आकडा हास्यास्पद वाटतो. मग इतक्या सुस्त विषाणूने पूर्व आफ्रिकेतली शहरंच्या शहरं कशी पोखरली? आपल्याकडे मुंबईपासून सांगलीपर्यंतच्या वस्त्यांत तो इतक्या झपाट्याने कसा पसरला? ‘लोक फार वाहवले म्हणून’ हे सोपं उत्तर. राकाईच्या त्याच आकडेवारीत दुसरं उत्तर आहे. जननेंद्रियावर जखम असेल तर हजारातला तो एक चारावर जातो.

यामागची यंत्रणा आता बऱ्यापैकी उलगडली आहे. जखमेमुळे त्वचेची तटबंदी फुटते, हे सरळच आहे. पण जखम दुरुस्त करायला शरीर ज्या पेशी तिथे धाडतं, त्यांत सीडी-४ नावाच्या रोगप्रतिकारक पेशी असतात आणि एचआयव्हीला नेमक्या त्याच हव्या असतात. म्हणजे चोर दारात उभा आणि आपण रखवालदाराच्या हाती किल्ल्या देऊन त्यालाच दारात पाठवायचं. दुसऱ्या बाजूनेही तसंच. मलावीमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, परम्यासारखा मूत्रमार्गाचा दाह असलेल्या बाधित पुरुषांच्या वीर्यात विषाणूचं प्रमाण दाह नसलेल्या बाधितांपेक्षा आठपट निघालं. साधी प्रतिजैविकं दिल्यावर दोन आठवड्यांत ते खाली आलं. एचआयव्हीचं एकही औषध न देता! आपल्या सरकारी दवाखान्यांत लैंगिक आजारांसाठी रंगांची पाकिटं असतात. त्यातलं करडं पाकीट याच तक्रारीसाठी असतं. ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, एकदाच घ्यायच्या गोळ्या.

चारित्र्याच्या सिद्धान्ताची सरळ परीक्षाही झाली आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतल्या चार शहरांची तुलना केली गेली. केनियातलं किसुमू आणि झांबियातलं न्डोला, जिथे प्रौढांपैकी साधारण पाव हिस्सा बाधित होता. कॅमेरूनमधलं याउंदे आणि बेनिनमधलं कोटोनू, जिथे प्रमाण दहा टक्क्यांच्या बरंच खाली होतं. लोकांचं लैंगिक वर्तन विचारून, मोजून पाहिलं तर हा फरक त्यातून काही सुटेना. जोडीदार बदलण्याचं प्रमाण उलट याउंदेत जास्त भरलं, म्हणजे कमी साथीच्या शहरात. फरक सापडला तो जननेंद्रियाच्या हर्पीसमध्ये, म्हणजे विषाणूमुळे जखमा उठवणाऱ्या आजारात, आणि पुरुषांची सुंता झालेली आहे की नाही यात.

सुंतेचा विषय आपल्याकडे लगेच धर्माच्या अंगाने जातो, म्हणून तो थोडा सावकाश घेऊ. पुण्याच्याच लैंगिक आजार दवाखान्यांतल्या सुमारे २,३०० पुरुषांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष २००४ साली आला. सुंता झालेल्यांना एचआयव्ही होण्याचा धोका इतरांच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकाच. कुणी म्हणेल, त्यांची वागणूक वेगळी असेल. पण वागणूक वेगळी असती तर त्यांच्यात उपदंश, हर्पीस आणि परमाही कमी दिसायला हवा होता, आणि तसा तो दिसला नाही. संरक्षण फक्त एचआयव्हीपासून होतं. अर्थात मामला त्वचेचा आणि त्यातल्या पेशींचा आहे, नीतीचा नाही. पुढे दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांनी पुरुषांना मिळणारं हे संरक्षण सुमारे ६० टक्के असल्याचं दाखवलं. इतका नेटका तर्क साथरोगशास्त्रात क्वचित जुळतो, आणि तो पुण्यात जुळला याचा मला, उगाच असेल, पण अभिमान वाटतो.

आता माझ्या म्हणण्याच्या विरोधातला पुरावा. तो टाळला तर हा लेख प्रचारपत्रक होईल. लैंगिक आजार सोबती असतील तर त्यांच्यावर उपचार केल्याने एचआयव्ही घटला पाहिजे. टांझानियातल्या म्वान्झा भागात हे करून पाहिलं. ग्रामीण दवाखान्यांत लक्षणं पाहून चांगले उपचार देणं सुरू केलं आणि १९९५ साली निकाल आला की नवे संसर्ग सुमारे ४० टक्क्यांनी घटले. जगभर आनंद झाला. चार वर्षांनी राकाईचा निकाल आला. तिथे लक्षणं असोत-नसोत, घरोघर जाऊन सगळ्यांना ठरावीक महिन्यांनी औषधं दिली होती. एचआयव्हीत काडीचाही फरक पडला नाही. मग हर्पीसची पाळी. ॲसायक्लोव्हिर ही स्वस्त गोळी रोज देऊन हर्पीस दाबून ठेवला तर एचआयव्ही कमी होईल, या आशेने मोठमोठ्या चाचण्या झाल्या. २००८ आणि २०१० मध्ये निकाल आले. जखमा कमी झाल्या, बाधितांच्या रक्तातला विषाणूही थोडा उतरला, पण एचआयव्हीचा प्रसार थांबला नाही.

यातून ‘सोबती वगैरे सगळं खोटं’ असा निष्कर्ष काढणारेही निघाले. मला तो घाईचा वाटतो. म्वान्झात साथ वाढीच्या अवस्थेत होती. राकाईत ती जुनी होऊन सर्वसाधारण घरांत मुरली होती, आणि तिथल्या पुष्कळ जखमा हर्पीसच्या होत्या, ज्यावर त्या औषधांचा उपयोगच नव्हता. हर्पीसचं कोडं तर फार सुंदर रीतीने सुटलं. जखम भरून आली, वरची कातडी तुकतुकीत झाली, तरी त्या जागी सीडी-४ पेशींचा तळ कित्येक आठवडे तसाच राहतो, ॲसायक्लोव्हिर चालू असतानाही. दार बंद दिसतं, रखवालदार किल्ल्या घेऊन आतच बसलेला असतो. म्हणून सोबती खरा असला तरी कोणती गोळी, कोणत्या टप्प्यावर आणि कोणाला, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. गावभर सरसकट गोळ्या वाटणं हा उपाय नाही. दुखतंय म्हणून स्वतःहून आलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत नीट उपचार देणं हा आहे. म्वान्झात नेमकं तेच घडलं होतं.

‘सोबती’ या कल्पनेला खरी बदनामी आली ती वेगळ्याच लोकांमुळे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे पीटर ड्यूसबर्ग हे रेट्रोव्हायरसचे, म्हणजे एचआयव्हीच्या कुळातल्या विषाणूंचे, जाणकार. १९८७ पासून ते सांगू लागले की एचआयव्ही निरुपद्रवी आहे. एड्स होतो तो अमली पदार्थांनी, आणि पुढे तर म्हणाले, एड्सवरच्या औषधांनीच. हा दावा तपासायला निसर्गानेच एक क्रूर प्रयोग मांडून ठेवला होता. ब्रिटनमधल्या हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त गोठवणारे घटक टोचले जात. त्यातले काही घटक दूषित होते, काही नव्हते. आजार तोच, इंजेक्शनं त्याच जातीची, फरक फक्त विषाणूचा. १९९५ साली त्यांच्या मृत्यूंचा हिशेब प्रसिद्ध झाला. तीव्र हिमोफिलिया असलेल्यांमध्ये बाधितांचा मृत्युदर अबाधितांच्या दहापट. वाद तिथेच संपायला हवा होता.

पण तो दक्षिण आफ्रिकेच्या अध्यक्षांच्या कार्यालयात जाऊन पोचला. थाबो म्बेकी यांनी २००० साली नेमलेल्या सल्लागार मंडळात ड्यूसबर्ग होते. त्याच वर्षी डर्बनला जागतिक एड्स परिषद भरली आणि पाच हजारांहून अधिक शास्त्रज्ञांनी ‘एड्सचं कारण एचआयव्हीच’ असं लेखी सांगितलं, तरी तिथलं सरकार औषधं द्यायला चालढकल करत राहिलं. आरोग्यमंत्री बीट आणि लसणाचे गुण सांगत होत्या. या दिरंगाईने २००० ते २००५ या काळात सव्वातीन लाखांहून अधिक माणसं हकनाक गेली, असा हार्वर्डच्या संशोधकांचा अंदाज आहे. म्बेकींचं दुर्दैव असं की त्यांच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा होता. गरिबी, कुपोषण, अंगात मुरलेले इतर आजार यांमुळे आफ्रिकेतली साथ अमेरिकेतल्यापेक्षा वेगळी वागते, हे बरोबरच होतं. त्या अर्ध्या सत्याचा उपयोग त्यांनी उरलेलं अर्धं नाकारायला केला. त्यानंतर बरीच वर्षं ‘सहघटक’ हा शब्द उच्चारला तरी समोरचा संशयाने बघायचा.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. एड्स कशाने होतो? एचआयव्हीने, आणि फक्त एचआयव्हीने. तो कोणाला लवकर गाठतो, अंगात शिरल्यावर कोणत्या वाटेने मारतो? इथे सोबत्यांचं राज्य सुरू होतं. ल्यूक मॉन्टेन्ये, ज्यांच्या प्रयोगशाळेत हा विषाणू १९८३ साली सापडला, त्यांनीच १९९० साली मायकोप्लाझ्मा नावाचे सूक्ष्म जंतू एचआयव्हीला हातभार लावत असावेत असं मांडलं. तपासल्यावर ते टिकलं नाही. चूक ठरलं, पण विचारण्यात काही गैर नव्हतं. कारण त्याच वर्षी तसाच एक प्रश्न विचारला गेला आणि तो बरोबर ठरला.

तो प्रश्न कापोसी सार्कोमाचा. त्वचेवर जांभळट डाग उठणारा हा कर्करोग एड्सच्या पहिल्या वर्षांत अमेरिकेतल्या समलिंगी पुरुषांच्या कपाळी जणू शिक्क्यासारखा बसला होता. त्यांच्या राहणीला, पार्ट्यांत हुंगल्या जाणाऱ्या ‘पॉपर्स’ना दोष देऊन झाला होता. व्हॅलरी बेरल आणि सहकाऱ्यांनी काय केलं, तर अमेरिकेतल्या एड्सच्या नोंदी घेऊन बसले आणि कोणाला एचआयव्ही कोणत्या वाटेने आला याप्रमाणे डाग मोजले. समलिंगी पुरुषांत साधारण दर पाचात एकाला. हिमोफिलियाच्या रुग्णांत शंभरात एकाला. एचआयव्ही तोच आणि प्रतिकारशक्तीचा ऱ्हासही तसाच, पण ज्यांना तो रक्तघटकांतून आला त्यांच्या अंगावर डाग जवळजवळ नाहीत. याचा एकच अर्थ लागत होता. एचआयव्हीखेरीज दुसरा एक जंतू आहे आणि तो मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरतो. तो कुणी पाहिला नव्हता. चार वर्षांनी, १९९४ मध्ये, युआन चँग आणि पॅट्रिक मूर या जोडप्याला त्या गाठींत हर्पीसच्या कुळातला एक नवा विषाणू सापडला. साध्या कोष्टकांनी न दिसलेला जंतू चार वर्षं आधी हेरला होता. साथरोगशास्त्र म्हणजे कंटाळवाणी टक्केवारी असं ज्यांना वाटतं त्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

भारतात एड्सचा शिक्का वेगळा. लॉस एंजेलिसमध्ये १९८१ साली पहिले पाच तरुण आले ते न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीच्या न्यूमोनियाने. युगांडात माणसं वाळून काटकी व्हायची, म्हणून लोकांनी आजाराला ‘स्लिम’ नाव दिलं. मणिपुरात एका स्थानिक बुरशीचा ताप येतो, बिहारात काळाआजार जोडीला येतो. ज्या मातीत जे जंतू, ते वर येतात. आपल्या मातीत क्षय. देशात दरवर्षी २५ लाखांहून अधिक लोकांना क्षय होतो, जगातला जवळपास चौथा हिस्सा. क्षयाचे जंतू फुप्फुसात झोपवून ठेवलेल्या निरोगी माणसाला आयुष्यभरात क्षय होण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास. एचआयव्ही असेल तर तीच शक्यता दर वर्षाला पाच ते दहा टक्के. क्षय झाला की एचआयव्हीही जोरात वाढतो. दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालतात. जगभर एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण क्षय आहे.

इथे गोव्यातली एक घटना आठवल्याशिवाय राहत नाही. १९८९ साली डॉमिनिक डिसूझा या तरुणाला, तो एचआयव्हीबाधित आहे एवढ्याच कारणावरून, आरोग्य कायद्याचा आधार घेऊन ६४ दिवस पोलिसी पहाऱ्यात कोंडून ठेवलं होतं. कुठे, तर बंद पडलेल्या क्षयरोग्यांच्या इस्पितळात! ज्याच्यापासून कुणालाही हवेतून धोका नव्हता त्याला हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या इमारतीत नेऊन ठेवायचं. भीतीला साथरोगशास्त्र कळत नाही.

‘आता हे सगळं उगाळायचं कशाला?’ असं विचारता येईल. २०१७ पासून आपल्याकडे निदान होताच प्रत्येकाला मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, मिळते. २०११ सालच्या ज्या चाचणीने दाखवलं की वेळेत औषधं सुरू केली तर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, तिच्या केंद्रांत पुणेही होतं. नियमित औषधांनी विषाणू रक्तात सापडेनासा झाला की तो संबंधांतून पसरत नाही, हेही आता पक्कं आहे. २००० ते २००४ या काळात महाराष्ट्रासह दक्षिणेकडच्या राज्यांत तरुण गरोदर स्त्रियांमधला एचआयव्ही १.७ वरून १.१ टक्क्यांवर आला होता, तोही मोफत एआरटी गावोगाव पोचण्याआधी. मग काळजी कशाची?

काळजी आहे. देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वांत जास्त महाराष्ट्रात. गोळ्या चालू असल्या तरी क्षयाचा धोका इतरांच्या पातळीवर येत नाही. आयव्हरी कोस्टमधल्या एका चाचणीत लवकर एआरटी आणि त्याबरोबर सहा महिने क्षयप्रतिबंधक गोळ्या असं देऊन पाहिलं. पुढच्या काही वर्षांत या प्रतिबंधक गोळ्यांमुळे मृत्यू एक तृतीयांशाहून अधिक घटले. बाधित स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सहापट असतो, कारण तिथला सोबती म्हणजे एचपीव्ही हा विषाणू. त्याची तपासणी स्वस्त आहे, अवघड नाही, आणि तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या ज्या भारतीय स्त्रियांची ती कधी ना कधी झाली होती, त्या दोन टक्क्यांच्याही आत होत्या. एचआयव्हीसाठी एक खिडकी, क्षयासाठी दुसरी, कर्करोगासाठी तिसरी इमारत, आणि गुप्तरोगासाठी तर एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेली खात्रीशीर इलाजाची जाहिरात. सोबती एकत्र फिरतात आणि आपण त्यांना वेगवेगळ्या रांगांत शोधतो.

‘गुप्तरोग’ हा शब्दच आधी हद्दपार व्हायला हवा, असं मला वाटतं. आजार गुप्त राहिला की त्याचा इलाज मेडिकलच्या काउंटरवर कुजबुजत होतो. तिथे दोन दिवसांच्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या मिळतात, आणि परम्याच्या जंतूंनी त्या औषधाला केव्हाच धूप घालणं सोडलंय. सरकारने या दवाखान्यांना ‘सुरक्षा क्लिनिक’ असं बरं नाव दिलं. पण स्वतंत्र पाटी लावलेल्या दारातून आत जाताना कोण बघतंय याची धास्ती नावाने जात नाही. लघवीची जळजळ, अंगावरून पांढरं जाणं, जांघेतली गाठ, हे सगळं खोकला-तापाच्याच ओपीडीत, त्याच रांगेत, फक्त पडद्यामागे तपासलं जावं. ऐन तिशीत नागीण उठलेला माणूस आला तर लेप देऊन परत न पाठवता त्याला एचआयव्हीची चाचणी सुचवावी, कारण ती प्रतिकारशक्ती उतरल्याची खूण असू शकते; तीही २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे त्याची संमती घेऊन. आणि एआरटी केंद्रात महिन्याच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या बाईची गर्भाशयमुखाची तपासणी तिथेच, त्याच दिवशी व्हावी. तिला त्यासाठी आणखी एक दिवसाची मजुरी बुडवायला लावू नये.

सर्वांत अवघड काम याहून साधं आहे. बाई तक्रार घेऊन येते, तिला पाकीट मिळतं, ती घरी जाते. मार्गदर्शक सूचनांत जोडीदारालाही बोलवा असं लिहिलेलं आहे. त्याला बोलावणं म्हणजे तिच्या हाती चिठ्ठी देणं. ती चिठ्ठी नवऱ्याच्या हातात ठेवायची हिंमत तिने कुठून आणायची, हे कुठल्या सूचनेत नाही. मग आठ दिवसांत तोच जंतू त्याच वाटेने परत येतो आणि कागदावर मात्र तिचा ‘उपचार पूर्ण’ झालेला असतो. आशाताईंना घरी पाठवून ही चिठ्ठी पोचवता येईल का, पुरुषांसाठी संध्याकाळची ओपीडी चालवता येईल का, ट्रकच्या थांब्यावर आणि साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीच्या फडावर ही पाकिटं नेता येतील का, यावर आपल्याकडे वाद व्हायला हवा.